ओव्हन नको, महागडं चीज नको. कढईतच करा पाच माणसांना पुरेल असा मऊ बटाट्याचा थर

मंचर (वार्ताहर) : सातगाव पठारावर बटाटा काढणी झाली की प्रत्येक घरात एक ढीग उरतोच. कंपनीने मोठा, गोल माल उचलला, व्यापाऱ्याने मधला नेला, आणि बारीक, कापलेला, वाकडातिकडा आपल्या पडवीत. यंदा आमच्याकडेही तीन-चार पोती तशीच पडली. रस्सा झाला, भाजी झाली, काचऱ्या झाल्या. त्यात आमची आई आजारातून उठलेली, तोंडात दात नाहीत, भाकरी दुधात कुस्करून दिली तरी दोन घासांत ताट सरकवायची. डॉक्टर म्हणाले, मऊ आणि ताकदीचं काहीतरी पोटात जाऊ द्या.

भाचा पुण्यात हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. सुट्टीला आला तेव्हा त्याने हा प्रकार करून दाखवला. आईने वाटीभर खाल्लं आणि परत मागितलं. त्यानंतर मी स्वतः सात-आठ वेळा केला, दोनदा बिघडवलाही. म्हणून नीट सांगतो.

मूळ पदार्थ अमेरिकेचा. तिकडे याला कॅसरोल म्हणतात, म्हणजे एकाच भांड्यात थर लावून भट्टीत भाजलेलं जेवण. त्यांच्या युटा राज्यात तर याचं नावच 'मयतीचे बटाटे' असं पडलंय. किसलेला गोठवलेला बटाटा, सूपचा डबा, आंबट साय, चीज आणि वरून चुरलेले कॉर्नफ्लेक्स, सगळं दुकानातलं स्वस्त सामान. कोणाच्या घरी माणूस गेलं की शेजारच्या बाया हे भांडं भरून नेऊन देतात. आपल्याकडे दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, भाऊबंद पिठलं-भाकरी घेऊन येतात, तसंच. 2002 साली तिथल्या सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिंपिक झालं तेव्हा या बटाट्याच्या चित्राचा बिल्लासुद्धा निघाला होता.

आता आधी बटाटा बघा, कारण इथेच धोका आहे. पडवीत उन्हाची तिरीप लागलेला बटाटा हिरवा पडतो. हिरवा रंग स्वतः विषारी नाही, पण ऊन लागलं की त्याबरोबर सोलॅनिन नावाचं विष सालीत आणि कोंबात वाढतं. ते शिजवून जात नाही. उलटी, पोटदुखी, जुलाब होतात, आणि लहान मुलं व म्हाताऱ्यांना जास्त त्रास होतो. थोडा हिरवा डाग असेल तर जाड कापून काढा, कोंब मुळासकट खणून काढा. पूर्ण हिरवा किंवा चवीला कडवट असेल तर सरळ उकिरड्यावर टाका. 'गुरांना घालू' म्हणणारेही आहेत, पण हिरवा बटाटा आणि त्याचे कोंब गुरांनाही बाधतात. उरलेला माल अंधारात, हवा लागेल असा ठेवा. आपली आरण लावायची जुनी पद्धत त्यासाठीच होती.

चिप्सच्या जातीचा बटाटा असेल तर उत्तम. त्यात पाणी कमी आणि पिठूळपणा जास्त असतो, त्यामुळे शिजल्यावर मऊ फुटतो. तळेगावच्या भाषेत सांगायचं तर वड्याला चांगला तो इथेही चांगला.

सामानासाठी ब्रँडच्या मागे लागू नका. तालुक्याच्या मोठ्या दुकानांत आता दुकानाच्याच नावाची पाकिटं मिळतात. मैदा, लोणी, मिरी, टोस्ट सगळं. पुष्कळदा माल बनवणारा कारखाना वेगळाच असतो, दुकान फक्त नाव छापतं. पाकीट उलटं करून निर्मात्याचं नाव वाचा. 14 आकडी परवाना नंबर आहे का बघा. पाकिटावर एमआरपीजवळ प्रति ग्रॅम किंमतही छापलेली असते, ती बघायची सवय लावा. समजा 200 ग्रॅम 130 रुपयांना आणि 100 ग्रॅम 72 रुपयांना आहे. पहिल्यात ग्रॅमला 65 पैसे पडतात, दुसऱ्यात 72. लहान पाकीट स्वस्त वाटतं, पण असतंच असं नाही.

चीज घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. 'अ‍ॅनालॉग' असा शब्द असेल तर त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल घातलेलं असतं. खाल्लं तर काही होत नाही, पण चीजच्या भावात तेल कशाला घ्यायचं? घटकांच्या यादीत जे जास्त ते आधी लिहितात, त्यामुळे पहिली दोन नावं वाचली तरी माल कळतो. चीज परवडत नसेल तर घरचं पनीर कुस्करून घाला. चव वेगळी येते, आईला उलट तीच आवडली.

पाच माणसांना एक किलो बटाटा, अर्धा लिटर दूध, दोन मोठे चमचे लोणी (तेलही चालतं), दोन मोठे चमचे मैदा, दोन कांदे, चार पाकळ्या लसूण, 100 ग्रॅम चीज, मीठ आणि मिरपूड. वरून चार-पाच टोस्ट. मैद्याऐवजी गव्हाचं पीठ घेतलं तर रंग जरा मातकट येतो, बाकी फरक नाही.

बटाटे सोलून बोटाएवढ्या जाड चकत्या करा. गार पाण्यात मीठ घालून चढवा, उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटं. सुरी शिरली पाहिजे पण चकती तुटू नये. पाणी पूर्ण निथळा. मी पहिल्यांदा निथळलं नाही, सगळं पातळ खिमट झालं.

कढईत लोणी तापवून कांदा-लसूण मऊ करा, मग मैदा घालून मंद आचेवर परता. कच्चा वास गेला की थांबा, लाल करायचा नाही. आता कोमट दूध थोडं थोडं ओतायचं आणि हात थांबवायचा नाही. एकदम ओतलं की गाठी होतात. तापलं की पिठाचे कण फुगतात आणि दूध घट्ट होतं. चमच्याच्या पाठीला चिकटून राहिलं की झालं. मीठ, मिरी आणि निम्मं चीज घाला. दही घालायचं असेल तर गॅस बंद करून, फेटून घाला, नाहीतर फाटतं.

जाड बुडाच्या भांड्याला तेल लावून एक थर चकत्यांचा, एक थर या दुधाचा, असं रचत जा. शेवटी उरलेलं चीज. घट्ट झाकण लावा, भांड्याखाली जुना तवा ठेवा आणि मंद गॅसवर वीस-पंचवीस मिनिटं. तवा विसरलात तर बूड करपलंच. चुलीवर करत असाल तर जाळ काढून निखाऱ्यावर ठेवा आणि झाकणावरही चार निखारे टाका, वरून छान तांबूस होतं.

टोस्टचा चुरा चमचाभर लोण्यात वेगळा कुरकुरीत करून वाढताना टाका. आधी टाकला तर वाफेने लगदा होतो. दात नसलेल्यांना चुरा नकोच. मुलांसाठी हिरवी मिरची ठेचून घातली तरी चालते, आमच्याकडे त्याशिवाय धाकट्याचं जमत नाही.

दुधाचा पदार्थ आहे, फ्रीज नसेल तर सकाळचा संध्याकाळपर्यंत ठेवू नका, खाण्यापुरताच करा. फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो; गरम करताना दोन चमचे दूध शिंपडा, कारण रात्रीत तो घट्ट बसतो. आणि मैदा असल्याने उपवासाला चालत नाही, हे एकादशीला भांडं चढवायच्या आधी लक्षात ठेवा. आमच्याकडे ते नंतर लक्षात आलं.