पत्रिका न पाहता जमलेल्या जोड्या

ॲस्ट्राझेनेका या औषध कंपनीतल्या डीन ब्राउन आणि योनास बोस्ट्रॉम यांनी २०१६ मध्ये आपल्याच पेशाची झडती घेतली. नवी औषधे घडवताना रसायनतज्ज्ञ कोणत्या अभिक्रिया वापरतात, याची त्यांनी १९८४ आणि २०१४ च्या शोधनिबंधांतून मोजदाद केली. २०१४ मध्ये सर्वाधिक वापरात असलेल्या अभिक्रियांपैकी एकही आधीच्या वीस वर्षांत शोधलेली नव्हती. त्यातल्या त्यात नव्या म्हणाव्यात अशा दोनच होत्या: सुझुकी-मियाउरा आणि बुखवाल्ड-हार्टविग. आणि तिकडे नियतकालिकांत दर आठवड्याला नवनव्या अभिक्रियांचा रतीब चालूच!

सुझुकींची अभिक्रिया इतकी का टिकली, हे पाहण्यासारखे आहे. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात अकिरा सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी ती १९७९ मध्ये मांडली. एका तुकड्यावर बोरॉन, दुसऱ्यावर ब्रोमीनसारखा अणू आणि मध्ये पॅलॅडियमचा उत्प्रेरक. दोन्ही तुकड्यांतले कार्बन एकमेकांना जोडले जातात. तिला पाण्याचे वावडे नाही आणि बोरॉनचे संयुग बाटलीत टिकते. रक्तदाबाच्या रुग्णांना ठाऊक असलेल्या लोसार्टनमधली दोन बेंझीन कडी जोडायला मर्कच्या रसायनतज्ज्ञांनी हीच अभिक्रिया वापरली. सुझुकींनी तिचे पेटंट घेतले नाही. नोबेल मात्र २०१० मध्ये मिळाले.

या सोयीची किंमतही मोजावी लागली. सपाट कडी सहज जोडता येतात म्हटल्यावर प्रयोगशाळांत सपाट रेणूंचीच गर्दी झाली. वायथ कंपनीतल्या फ्रँक लव्हरिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की चाचण्यांच्या चाळणीतून बाजारापर्यंत पोचणाऱ्या रेणूंमध्ये चारही दिशांना बंध पसरलेल्या, त्रिमितीय कार्बनचे प्रमाण वाढत जाते. म्हणजे जे करणे सोपे ते भरपूर केले जाते, पण औषध म्हणून टिकते ते बरेचदा वेगळेच. कोणता रेणू करून पाहायचा, हे आजार जितके ठरवतो तितकेच हाताशी असलेली अभिक्रियाही ठरवते.

मग नवी अभिक्रिया सापडावी कशी? कागदावर तर्क लढवून बहुधा माहितीतल्याच वाटांच्या आसपास फिरणे होते. प्रिन्स्टनच्या डेव्हिड मॅकमिलन यांनी (त्यांचे २०२१ चे नोबेल दुसऱ्याच कामासाठी) २०११ मध्ये उलटा मार्ग धरला. एकमेकांशी जुळतात असे कुणाला माहीत नाही अशाच रेणूंचा त्यांनी जणू वधू-वर मेळावा भरवला आणि पत्रिका पाहायच्याच नाहीत असे ठरवले. स्वयंचलित यंत्रणेने ९६ खळग्यांच्या तबकड्यांत या जोड्या मिसळल्या, उत्प्रेरक घातला आणि अनपेक्षित काही तयार झाले का ते तपासले.

झाले होते. साधा प्रकाश पडताच इरिडियमचा उत्प्रेरक सायनो गट असलेल्या बेंझीन कड्याला एक इलेक्ट्रॉन देतो आणि तुटीची भरपाई अमाइन या नायट्रोजनयुक्त रेणूकडून करून घेतो. इलेक्ट्रॉन गमावलेल्या अमाइनमधल्या नायट्रोजनशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सुटतो, तो कार्बन कड्याला जाऊन चिकटतो आणि सायनाइड बाहेर पडते. हाती येते बेंझिलिक अमाइन. ही रचना औषधांत वारंवार दिसते. पण इतक्या साध्या कच्च्या मालातून ती सहजी मिळत नसे.

हार्वर्डमध्ये डेव्हिड लिऊ यांच्या गटाने २००४ मध्येच याहून चलाख युक्ती केली होती. प्रत्येक रेणूला डीएनएचा धागा ओळखपत्रासारखा बांधून १६८ जोड्या त्यांनी एकाच द्रावणात सोडल्या. ज्यांच्यात बंध जुळला तेवढेच धागे वेगळे काढून वाचले. त्यातून पॅलॅडियमची एक नवी अभिक्रिया हाती लागली. एरवी चंबूत तळाशी उरलेले असे काही ‘घाण’ म्हणून बेसिनमध्ये गेले असते.

पण सापडणे वेगळे आणि रुळणे वेगळे. शोधनिबंधात नवी अभिक्रिया बहुधा साध्यासुध्या रेणूंवर दाखवलेली असते. औषधाचा रेणू नायट्रोजनच्या कड्यांनी गजबजलेला असतो आणि हे नायट्रोजन धातूच्या उत्प्रेरकाला धरून बसतात. म्युन्स्टरच्या फ्रँक ग्लोरियस यांनी २०१३ मध्ये यावर एक सोपी परीक्षा सुचवली: अभिक्रियेत मुद्दाम एक परका रेणू टाकायचा. उत्पादन किती घटते आणि पाहुणा शाबूत राहतो का, हे पाहायचे. माझ्या मते कुठलीही नवी अभिक्रिया छापताना या परीक्षेचा निकाल, नापास झाली असेल तरी, सोबत द्यायला हवा.

मुंबईत पवईच्या आयआयटीत देबब्रत मैती यांचा गट मॅकमिलन यांच्या नायट्रोजनशेजारच्या बंधाहूनही अवघड जागी हात घालतो: रेणूच्या दूरच्या कोपऱ्यातला, एरवी ढिम्म बसलेला कार्बन-हायड्रोजन बंध. पॅलॅडियम नेमके तिथपर्यंत पोचावे म्हणून रेणूला आधी एक साचा जोडावा लागतो आणि काम झाल्यावर तो सोडवावा लागतो. या दोन जादा पायऱ्या कशा गाळता येतील, यावर आता बऱ्याच प्रयोगशाळा डोके खपवत आहेत.