छपराखालची पेठ

अमेरिकेच्या उत्तर भागात मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तेथील मिनियापोलिस या शहरी हिवाळा फार कडक असतो. पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो, रस्ते बर्फाने झाकून जातात आणि बोचऱ्या वाऱ्यामुळे घराबाहेर पाऊल टाकणे नकोसे होते. या शहराच्या ईडायना नामक उपनगरात ८ ऑक्टोबर १९५६ रोजी एक आगळी बाजारपेठ सुरू झाली. तिचे नाव साउथडेल. साऱ्या दुकानांना आणि त्यांच्या मधल्या चौकालाही एका छपराखाली घेणारे व आतील हवा बारा महिने सुखद राखणारे असे हे अमेरिकेतील पहिले उपनगरी व्यापारी केंद्र होय. आज ज्यास आपण ‘मॉल’ म्हणतो, त्याचा हा मूळ नमुना.

अशा पेठेची गरज का भासली? दुसरे महायुद्ध १९४५ साली संपल्यावर अमेरिकेतील असंख्य कुटुंबे शहराची दाटी सोडून उपनगरांत राहावयास गेली. प्रत्येक घरापुढे मोटार उभी राहिली. मिनियापोलिसमधील ट्रामगाड्या तर १९५४ साली बंदच झाल्या. त्यामुळे शहराच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या दुकानांना काळजी वाटू लागली. तेथे ‘डेटन्स’ नावाचे, १९०२ साली स्थापन झालेले एक नामांकित डिपार्टमेंट स्टोअर होते. एकाच मालकाच्या भव्य इमारतीत कापड, पादत्राणे, भांडी, खेळणी अशा जिनसांचे वेगवेगळे विभाग ज्यात असतात, त्यास डिपार्टमेंट स्टोअर म्हणतात. गिऱ्हाईक उपनगरात गेले, तर आपणही त्याच्यामागे जावे, असे डेटन्सच्या चालकांनी ठरविले. त्यांनी आणखी एक धाडस केले. ‘डोनाल्डसन्स’ हे त्यांचे प्रतिस्पर्धी दुकान; त्यालाही त्यांनी याच छपराखाली जागा दिली. दोन मोठी दुकाने असली म्हणजे गर्दी वाढेल आणि लहान दुकानांचाही धंदा चालेल, हा त्यांचा हिशेब होता.

या पेठेचा आराखडा व्हिक्टर ग्रूएन या वास्तुशिल्पज्ञाने तयार केला. त्याचा जन्म १९०३ साली ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. तो ज्यू होता. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्याला मायभूमी सोडून अमेरिकेचा आश्रय घ्यावा लागला. व्हिएन्नातील चौक, तेथील उपाहारगृहे आणि सायंकाळी पायी फिरणारी माणसे यांची आठवण त्याच्या मनातून कधी गेली नाही. अमेरिकेतील उपनगरांत घरे होती, मोटारी होत्या. परंतु शेजारी शेजाऱ्यास सहज भेटेल, अशी जागा नव्हती. ही उणीव भरून काढावी, अशी त्याची इच्छा होती.

म्हणून साउथडेलच्या मध्यभागी त्याने एक विशाल उद्यान-चौक योजिला. छतातील काचांमधून तेथे सूर्यप्रकाश येई. हॅरी बर्टोया या शिल्पकाराने घडविलेली धातूची सोनेरी झाडे तेथे उभी होती. २१ फूट उंचीच्या पिंजऱ्यात रंगीबेरंगी पक्षी किलबिलत. बाहेर हिमवर्षाव होत असताना आत माणसे कोट काढून निवांत गप्पा मारीत बसत. एकंदर ७२ दुकाने, दोन मजले आणि हजारो मोटारी उभ्या करण्याची सोय असलेल्या या केंद्रास सुमारे २ कोटी डॉलर खर्च आला.

परंतु ग्रूएनचे स्वप्न केवळ दुकानांचे नव्हते. भोवतालच्या शेकडो एकर भूमीवर घरे, शाळा, रुग्णालय, बागा व तलाव असलेले एक नगरच त्याने कल्पिले होते. पेठ हे त्या नगराचे हृदय व्हावयाचे होते. प्रत्यक्षात पेठ लवकर उभी राहिली. नगर मात्र आराखड्याप्रमाणे झालेच नाही. आसपास रुग्णालय आले, घरे आली, कचेऱ्याही आल्या. पण रुंद रस्ते आणि विस्तीर्ण वाहनतळ यांनी ती एकमेकांपासून तोडलेली राहिली. देशभरच्या बांधकाम व्यावसायिकांनी साउथडेलची नक्कल केली, तीही दुकानांपुरतीच. नफा देणारा भाग त्यांनी घेतला आणि माणसे जोडणारा भाग सोडून दिला. जुन्या शहरांतील दुकाने मात्र ओस पडू लागली.

ग्रूएन १९६८ साली व्हिएन्नास परतला. १९७६ साली त्याच्या प्रिय नगरीच्या सीमेवरही एक प्रचंड व्यापारी केंद्र उभे राहिले. अखेर १९७८ साली लंडन येथील एका भाषणात त्याने या केंद्रांचे पितृत्वच नाकारले. स्वतःच्या कीर्तीला कारण झालेल्या गोष्टीचा दोष उघडपणे सांगणे सोपे नसते. ते त्याने केले. १९८० साली त्याचे निधन झाले.

पुढे दुकानांवरही काळाचा फेरा आला. डोनाल्डसन्स हे नाव १९८७ साली लोपले. डेटन्सचे २००१ साली ‘मार्शल फील्ड्स’ झाले आणि २००६ साली ‘मेसीज’. १९७२ साली आलेले ‘जेसीपेनी’ हे तिसरे मोठे दुकान २०१७ साली बंद पडले व त्या जागी २०१९ साली भव्य व्यायामकेंद्र सुरू झाले. वाहनतळाच्या एका कोपऱ्यावर राहण्याच्या इमारतीही उठल्या. जेथे मोटारी उभ्या राहत, तेथे कुटुंबे राहू लागली! ग्रूएनच्या आराखड्यातील एक रेघ अशा रीतीने उशिरा का होईना, खरी झाली.

दुकानांच्या पाट्या बदलतात, मालक बदलतात. माणसांना एकत्र येण्यासाठी जागा हवी असते, ही गरज मात्र बदलत नाही. पेठ गावाची शोभा वाढविते. पण केवळ पेठ म्हणजे गाव नव्हे.