भावगीताचे श्रोते आणि तुलनेचे एकक

एखाद्या गायकाचा कोणता गीतसंग्रह सरस, हा रसिकांच्या वादाचा आवडता विषय. अरुण दाते (१९३४–२०१८) यांच्या बाबतीत मात्र हा वाद संग्रहांवर फार काळ टिकत नाही; ‘शुक्रतारा’ की ‘या जन्मावर’, अशा सुट्या गीतांकडेच तो वळतो. याचे कारण श्रवणाच्या साधनात शोधले पाहिजे.

७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मावत, आणि भावगीताचा घाट त्या मापाने बेतला गेला. पाडगावकरांचे शब्द, खळे यांची चाल व सुधा मल्होत्रांची साथ लाभलेले ‘शुक्रतारा’ साठोत्तरीच्या आरंभी घरोघरी पोचले ते मुख्यतः आकाशवाणीवरून. राजपुरी खाडीच्या मुखाशी, जंजिऱ्यासमोर वसलेले दिघी (तेव्हाचा कुलाबा जिल्हा, १९८१ पासून रायगड) मुंबई केंद्राच्या मध्यम लहरींच्या टप्प्यातले. रेडिओवर गीत केव्हा लागेल, त्याच्या मागेपुढे काय येईल, हे श्रोत्याच्या हाती नसे. अशा श्रोत्याच्या स्मृतीत गीत एकटे राहते.

पुढे ध्वनिफितींमुळे गीतांना ठरावीक शेजार मिळाला. हा अनुक्रम पुष्कळदा संकलकाचा असतो, गायकाचा नव्हे. ‘अमुक संग्रह उत्तम’ या मतात त्यामुळे संकलकाच्या निवडीलाही अप्रत्यक्ष दाद मिळते. ‘शुक्रतारा’ याच नावाच्या रंगमंचीय कार्यक्रमांत तर सहगायिकाही बदलत गेल्या. म्हणून अभ्यासकाने आवड विचारण्यापूर्वी ते गीत प्रथम कोठे व कशावर ऐकले, हे विचारावे.