टाके निघाले, पण धोका टळला का?

अल रीम आयलंडवरच्या आमच्या घरी दर मे महिन्यात हापूसची पेटी येते. गेल्या वर्षी तिच्यापायी संकट ओढवले. आमच्या मोतीने कचऱ्यातली कोय गिळली, ती आतड्यात अडकली आणि पोटाचे ऑपरेशन करावे लागले. बाराव्या दिवशी टाके निघाले. आम्ही देवापुढे साखर ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात मोती पुन्हा ओकू लागला. ‘ऊन बाधले असेल’ म्हणून आम्ही दोन दिवस दहीभातावर काढले. ही चूक सर्वस्वी आमची. तिसऱ्या दिवशी पाणीही पोटात ठरेना, शी बंद झाली, पोटाला हात लावू देईना. एक्स-रे व सोनोग्राफीत आतड्याला पुन्हा अडथळा आल्याचे दिसले.

डॉक्टरांनी नीट समजावले. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्याची हालचाल थोडा काळ मंदावते. ती बहुधा आपोआप पूर्ववत होते. परंतु जखम भरताना कधी आतड्याची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि नळी मुडपते. कधी शिवलेली जागा आकसते, तर कधी आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो. माणसांपेक्षा कुत्र्यांत आतडी चिकटण्याचे प्रमाण कमी. पण रक्तपुरवठा तुटला तर आतडे सडून जिवावर बेतते. मोतीला सलाईन लावून दुसरे ऑपरेशन झाले. थोडक्यात बचावला.

आता खर्चाचे. दुसरे बिल पहिल्यापेक्षा मोठे आले आणि विमा नव्हता. नंतर चौकशी केली, तर आधीचे दुखणे बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते असे कळले. म्हणून वाचकांना चार सूचना :

१. विमा कुत्रा धडधाकट असतानाच काढा; वगळलेल्या बाबी आधी वाचा.

२. ऑपरेशनपूर्वी अंदाजपत्रक लेखी घ्या. गुंतागुंत झाल्यास किती, हेही विचारा आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवा.

३. वारंवार उलट्या, अन्न नकोसे होणे, शी न होणे, पोट फुगणे वा दुखणे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. टाके निघून महिने लोटले असले तरी.

४. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन देऊ नका; ती कुत्र्याला विषारी ठरू शकते.

आमच्या कचऱ्याच्या डब्याला आता घट्ट झाकण आहे. हापूसची पेटी मात्र यंदाही आली!