टेनिसवरील पैजेचे गणित: उज्जैनचा सभिक आणि आजचा बुकी

टी-२० विश्वचषक सुरू असताना, जून २०२४ मध्ये, उज्जैन पोलिसांनी शहरातील एका सट्टा अड्ड्यावर छापा घालून साडेचौदा कोटी रुपयांहून अधिक रोकड जप्त केली. सोबत अनेक देशांचे चलनही सापडले. तो सट्टा मुख्यतः क्रिकेटवरचा होता. परंतु क्रिकेट वर्षभर नसते, टेनिस मात्र जवळजवळ रोज कुठे ना कुठे चालू असते. म्हणूनच सट्ट्याच्या ॲपवर टेनिसला कायमचे स्थान असते. ज्याच्या नावात देवाधिदेवाचाच आधार घेतला गेला, त्या ‘महादेव’ ॲपवरही क्रिकेट, फुटबॉल व पत्त्यांसोबत टेनिस होतेच. त्या ॲपच्या शाखाचालकांना एकूण हिशेबात तोटा होणारच नाही अशी खेळांची रचना केलेली होती, असे सक्तवसुली संचालनालयाने २०२३ मध्ये म्हटले होते.

टेनिसच्या पैजांसाठी ‘शहाणपणाचे डावपेच’ सांगणारे सल्लागार समाजमाध्यमांवर पुष्कळ आहेत. त्यांचे डावपेच तपासण्यापूर्वी बुकीचा भाव कसा बनतो, हे समजून घेणे इष्ट. समजा, दोन तुल्यबळ खेळाडूंचा सामना आहे आणि दोघांवरही १.९० असा भाव आहे. दोन जणांनी दोन बाजूंवर शंभर-शंभर रुपये लावले, तर बुकीकडे दोनशे जमा होतात. जिंकणाऱ्याला १९० मिळतात, दहा बुकीकडे राहतात. सामना कोणीही जिंको, हे दहा ठरलेले. म्हणजे दीर्घकाळ खेळणारा सरासरीने प्रत्येक शंभर रुपयांमागे पाच रुपये गमावतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घ्यावेत, असे सांगितले आहे. आपल्या उदाहरणात जिंकलेले शंभर आणि बुकीचे दहा. मौर्यकालीन दराच्या दुप्पट! आणि त्या काळी फासे तरी सरकारी देखरेखीखाली असत.

आता डावपेचांकडे वळू. सर्वांत लोकप्रिय आहे तो दुपटीचा: हरलात की पुढची पैज दुप्पट करा, एकदा जिंकलात की सारे भरून निघेल. १.९० च्या भावाने हिशेब करून पाहा. १००, २००, ४००, ८०० असे चार वेळा हरल्यावर १५०० रुपये गेले. पाचव्यांदा १६०० लावून जिंकलात, तर निव्वळ लाभ १४४० रुपये. म्हणजे अखेर जिंकूनही ६० रुपये तोटाच. दुपटीने सारे भरून निघते हे वाक्य बुकीचा वाटा विसरूनच बोलले जाते.

दुसरा डावपेच खरोखर गणिती आहे. बेल प्रयोगशाळेतील जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, आपला अंदाज आणि बुकीचा भाव यांतील फरकावरून भांडवलाचा किती हिस्सा लावावा, हे काढता येते. जिंकण्याची शक्यता ५० टक्के आणि भाव २.१० असेल, तर उत्तर येते सुमारे साडेचार टक्के. तोच भाव १.९० असेल तर उत्तर उणे येते; अर्थात, काहीच लावू नका. सूत्र निर्दोष आहे. प्रश्न इतकाच की ती ‘५० टक्के’ शक्यता आणायची कुठून?

येथे टेनिसची गुणपद्धती आडवी येते. सर्व्हिस करणारा खेळाडू प्रत्येक गुण ५५ टक्के शक्यतेने जिंकत असेल, तर तो गेम सुमारे ६२ टक्के वेळा जिंकतो. गेममधून सेट आणि सेटमधून सामना होताना फरक आणखी फुगतो. गुणांच्या पातळीवर अंदाज दोन टक्क्यांनी चुकला, तरी सामन्याच्या पातळीवर ती चूक कितीतरी मोठी होते. कोर्ट मातीचे की हिरवळीचे, तीन सेट की पाच, कालचा सामना किती लांबला, हे सारे विचारात घ्यावेच लागते; पण ते बुकीच्या संगणकातही असतेच. आणि सामना चालू असताना लावलेल्या पैजेत तर पडद्यावरचे चित्र कोर्टापेक्षा काही सेकंद मागे असते. कोर्टाशेजारी बसलेल्याला जे आधी कळते, ते मडगावला मोबाईल पाहणाऱ्याला उशिरा कळते.

त्यातच निकालाची शंका. ऑगस्ट २००७ मध्ये पोलंडमधील सोपोट येथे तेव्हाचा जागतिक क्रमवारीतील चौथा खेळाडू निकोलाय दाविदेन्को आणि मार्टिन वासालो आर्ग्युएलो यांच्या सामन्यावर संशयास्पद पैजा लागल्याने बेटफेअरने त्या रद्द केल्या. पुढे चौकशीत दोन्ही खेळाडू निर्दोष ठरले. परंतु २०१८ च्या स्वतंत्र आढाव्याने खालच्या स्तरावरील स्पर्धांत, जिथे बक्षिसाची रक्कम तुटपुंजी आणि पैजा भरपूर, तिथे निकालनिश्चितीचा धोका गंभीर असल्याचे स्पष्ट नोंदवले. सल्लागारांना नेमके हेच अनोळखी सामने ‘सोपे’ वाटतात.

उज्जैनला हे नवे नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त, जे गोविंद बल्लाळ देवलांमुळे मराठी रंगभूमीचेही झाले, दहा सुवर्णमुद्रा हरलेला संवाहक ओस देवळात मूर्ती बनून उभा राहतो. सभिक माथुर मुद्दाम समोरच फासे टाकतो आणि त्या आवाजाने मूर्तीचा संयम सुटतो. हातातल्या मोबाईलवर ‘मोफत बोनस’चा संदेश आजही तेच काम करतो.

कायद्याची स्थिती आता सरळ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, वर्ज्य आहेत. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मात्र १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असतो. त्यामुळे जिंकलेली रक्कम बुकीने दिली नाही, तर ती मागण्यासाठी न्यायालयात जाता येत नाही.