सरासरीला न सापडणारी बेटं

टोर्सहावन आणि याकुत्स्क ही दोन शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, ६२ अंश उत्तरेला. याकुत्स्क सायबेरियात, समुद्रापासून दूर आहे. तिथं जानेवारीचं सरासरी तापमान उणे ३७-३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि जुलैचं १९-२० अंशांच्या. टोर्सहावन ही उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांची राजधानी. तिथं जानेवारीत सरासरी सुमारे ४ अंश आणि जुलैत जेमतेम ११. म्हणजे एकीकडे वर्षभरात पारा पन्नासहून अधिक अंश वरखाली होतो, तर दुसरीकडे सातच. प्रवाशांसाठीची माहिती बहुधा इथंच थांबते: हिवाळा सौम्य, उन्हाळा गार, पाऊस बराच, चांगलं जॅकेट सोबत घ्या. यातलं काहीच खोटं नाही. तरी एवढ्यावर विसंबून जो सहल आखतो, त्याची सहल कोलमडण्याची शक्यता मोठी. कारण या बेटांच्या हवामानाबद्दल सर्वांत कमी सांगणारी गोष्ट म्हणजे त्याची सरासरी. तिथं वाचायला हवेत ते चढउतार, आणि तेही महिन्यांचे नाहीत, तासांचे. ते एकदा ध्यानात आलं की कुठल्या महिन्यात जावं हा प्रश्न मागे पडतो आणि हाताशी मोकळे दिवस किती ठेवावेत हा प्रश्न पुढे येतो.

फॅरो म्हणजे १८ बेटं, क्षेत्रफळ जेमतेम १,४०० चौरस किलोमीटर, लोकवस्ती सुमारे ५४ हजार. डेन्मार्कच्या राज्यातला हा स्वायत्त प्रदेश आइसलंड, नॉर्वे आणि स्कॉटलंड यांच्या मधोमध समुद्रात आहे, आणि त्यातली कुठलीही जागा किनाऱ्यापासून पाच किलोमीटरहून अधिक दूर नाही. बेटांना वेढून जाणारा उत्तर अटलांटिक प्रवाह दक्षिणेकडची ऊब घेऊन येतो. इथल्या समुद्राचं तापमान हिवाळ्यात सहा-सात अंशांखाली क्वचितच जातं आणि उन्हाळ्यात दहा-अकराच्या फारसं वर चढत नाही. बेटांवरची हवा या पाण्याला बांधलेली, म्हणूनच तिचा वार्षिक आलेख इतका सपाट. पण याच भागातून अटलांटिकवरच्या कमी दाबाच्या पट्ट्यांची वाट जाते. एक पट्टा येतो, तेव्हा आधी आग्नेयेकडून वारा वाढतो, ढग खाली उतरतात, संततधार लागते. पट्टा सरकला की वारा पश्चिमेकडे वळतो, मग लखलखीत ऊन आणि मध्येच एखादी सर, कधी गारांची. तेवढ्यात पुढचा पट्टा दाखल. हे सारं एका दिवसात घडू शकतं. अशा चढउतारांची बेरीज करून भागाकार केला की उरते ती सपाट रेघ, आणि त्या रेघेतलं हवामान प्रत्यक्षात फार थोडा वेळ असतं.

पावसाचे आकडेही असेच चकवतात. टोर्सहावनला वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तेव्हा मराठी वाचकाला १,३०० हा आकडा किरकोळ वाटेल. फरक वाटपाचा आहे. आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो. तिथं वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पावसाचे, आणि त्यातला बराचसा पाऊस झिमझिम स्वरूपाचा, वाऱ्यासोबत आडवा येणारा. वर्षभरात सूर्यप्रकाश मिळतो तो सुमारे ८४० तास, म्हणजे दिवसाउजेडाच्या एकूण तासांपैकी एक पंचमांशही नाही. शिवाय १,३०० हा आकडा एका शहराचा. सखल किनाऱ्यांवर हजारच्या आसपास पाऊस असतो, तर डोंगरांनी वेढलेल्या काही भागांत तो ३,००० च्या पुढे जातो. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जे घडतं तेच इथं पाच-दहा किलोमीटरांत घडतं, पण एक मोठा फरक आहे. सह्याद्रीत ओली बाजू ठरलेली असते. फॅरोत वारा कुठल्याही दिशेने येतो, त्यामुळे आज जे खोरं आडोशाला आहे ते उद्या वाऱ्याच्या तोंडी असेल.

वारा हा या हवामानाचा खरा धनी. पाच अंश तापमान आणि ताशी ५० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे एक अंशासारखी लागते, आणि कपडे भिजलेले असतील तर त्याहून बोचरी. छत्रीचा इथं काही उपयोग नाही. बेटांवर नैसर्गिक झाडी जवळजवळ नाही. वारा, खारं पाणी आणि शतकानुशतकं चरणारी मेंढरं यांनी ती उरू दिली नाही. टोर्सहावनमध्ये माणसांनी जोपासलेली छोटी वनराई आहे, तिचंही डिसेंबर १९८८ च्या वादळात मोठं नुकसान झालं. म्हणून डोंगरवाटेवर निघालेल्या माणसाला झाडाचा आडोसा मिळत नाही.

इथल्या लोकांनी या वाऱ्याशी वैर धरलं नाही, त्याला कामाला लावलं. घरांच्या छपरांवर भूर्जसालीचे थर आणि त्यावर गवताळ मातीची जाड ढेकळं असत. साल पाणी अडवी, आणि मातीचं वजन छप्पर उडू देत नसे. काही घरांवर ही छपरं आजही आहेत. त्याहून बोलकं उदाहरण म्हणजे ‘यादलुर’, मांस सुकवायची लाकडी खोली. तिच्या भिंती उभ्या फळ्यांच्या, आणि दोन फळ्यांमध्ये फट मुद्दाम सोडलेली. पाऊस फारसा आत येऊ नये, पण वारा आरपार जावा एवढीच ती फट. शरद ऋतूत कापलेल्या मेंढ्यांचं मांस त्यात मीठ न लावता टांगतात, आणि समुद्रावरून येणारी गार, दमट, खारी हवा पुढचं काम करते. मांस आधी आंबतं, मग सुकतं, आणि नाताळाच्या सुमारास खाण्याजोगं होतं. त्या आठवड्यांत हवा फार उबदार राहिली तर मांस नासतं, फार गार झाली तर नीट आंबत नाही. सपाट तापमान आणि सतत वारा ही जोडी नसती तर हा पदार्थच नसता. डोंगरातल्या जुन्या वाटाही याच विचाराने आखलेल्या आहेत. गावागावांना जोडणाऱ्या पायवाटांवर दगडांचे मनोरे रचलेले असतात, धुक्यात वाट चुकू नये म्हणून. पुढचा मनोरा दिसत नसेल तर दिसणाऱ्या मनोऱ्यापाशी थांबायचं, ही शिस्त आजच्या गिर्यारोहकालाही लागू आहे. कारण इथल्या कुरणांना शेवटी कठडा नाही, एन्नीबर्गचा कडा तर साडेसातशे मीटर खोल थेट समुद्रात उतरतो.

मोकळे दिवस हाताशी ठेवावेत यावर पहिला आक्षेप असा येईल की उन्हाळ्यात गेलं की प्रश्न मिटतो. काही अंशी हे खरं आहे. मे ते जुलै हे त्यातल्या त्यात कोरडे महिने, आणि ऑक्टोबर ते जानेवारीत दर महिन्याला साधारण त्याच्या दुप्पट पाऊस पडतो. जूनमध्ये एकोणीस तासांहून अधिक दिवस असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम पाच तास. पफिन पक्षी बघायचे तर उन्हाळ्याला पर्यायच नाही, ऑगस्टमध्ये ते समुद्रात परततात. पण उन्हाळा देतो तो मुख्यतः उजेड. स्वच्छ हवेची हमी तो देत नाही. उबदार दमट हवा गार समुद्रावर आली की दाट धुकं होतं, आणि हे धुकं उन्हाळ्यातच अधिक. मिकिनेस हे पफिनांचं बेट याचं चांगलं उदाहरण. सोरवागुरहून बोट पाऊण तासात पोचते, पण तिथं मोठं बंदर नाही, कड्यांमधल्या अरुंद खाचेत बोट लावावी लागते. लाट थोडी वाढली की फेरी रद्द, जुलैचं निरभ्र आकाश असलं तरी. आणि सकाळी गेलेल्या प्रवाशांची संध्याकाळची परतीची फेरीही रद्द होऊ शकते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो, आणि तो वजनदार आहे. फॅरोने गेल्या पाव शतकात हवामानाला वळसा घालणारं रस्त्यांचं जाळं उभारलं. समुद्राखालचा पहिला बोगदा २००२ मध्ये खुला झाला, दुसरा २००६ मध्ये, २०२० मध्ये ११ किलोमीटरचा एस्तुरॉय बोगदा, ज्याच्या पोटात समुद्रतळाखाली वर्तुळाकार चौक आहे, आणि २०२३ मध्ये सांडॉयचा. आता बहुतेक लोकसंख्या रस्त्याने जोडलेली आहे. विमानतळाचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी व्हागर बेटावर डोंगरांच्या कुशीत बांधलेली धावपट्टी २०११ मध्ये लांबवून सुमारे १,८०० मीटरची झाली, आणि पुढच्या वर्षी अटलांटिक एअरवेजने उपग्रहांच्या आधाराने अचूक उतरण्याची पद्धत सुरू केली. धुक्यामुळे अडणारी विमानं त्याने कमी झाली. पण आडवा वारा आणि डोंगरांमुळे हवेत उठणारे भोवरे यांवर उपग्रहाचा इलाज नाही. शिवाय बोगद्याने गावाला पोचता येतं, गावापुढच्या कड्यावर नाही, आणि प्रवासी येतो तो मुख्यतः त्या कड्यासाठी. अंदाजांचंही असंच आहे. कमी दाबाचा पट्टा कधी येणार हे दोन दिवस आधी बरंच नेमकं कळतं. मात्र कुठल्या खोऱ्यात ढग अडकेल आणि कुठलं उघडं राहील हे त्या सकाळीच समजतं. म्हणूनच रस्ते खात्याने जागोजागी बसवलेले कॅमेरे आणि वारामापक तिथले लोक घराबाहेर पडण्याआधी बघतात. पाहुण्यानेही तेच करावं.

एवढी अनिश्चितता असेल तर जायचंच कशाला, असंही कुणी विचारेल. पण जे बघायला जायचं ते या हवामानानेच घडवलेलं आहे. सुमारे साडेपाच कोटी वर्षं जुन्या बेसाल्टच्या थरांच्या पायऱ्या पडलेले डोंगर जोरदार सरीनंतर पांढऱ्या धारांनी भरून जातात, कोरड्या दिवशी त्यातल्या निम्म्याही दिसत नाहीत. गासादालुरचा धबधबा थेट समुद्रात कोसळतो, आणि वारा जोराचा असला की पाणी खाली न जाता वर उधळतं. जाहिरातींतलं निळं आकाश हे फॅरोचं अपवादात्मक रूप आहे, आणि फक्त त्यासाठी जाणाऱ्याने खरोखरच दुसरीकडे जावं.

सर्वांत खरा आक्षेप खर्चाचा आणि रजेचा आहे. आपल्याकडच्या युरोप सहली दिवसाला एक शहर या हिशेबाने बांधलेल्या असतात, आणि फॅरोसारख्या महागड्या ठिकाणी रिकामे दिवस राखणं उधळपट्टी वाटतं. माझ्या मते इथं दिवस कमी करण्याऐवजी ठिकाणं कमी करावीत. सारा द्वीपसमूह उत्तर-दक्षिण सव्वाशे किलोमीटरही नाही, तेव्हा टोर्सहावनसारख्या एकाच जागी मुक्काम ठेवून रोज सकाळी हवा पाहून दिशा ठरवता येते: पश्चिमेला ढग असेल तर पूर्वेच्या बेटांवर. मिकिनेसचा बेत पहिल्याच दिवशी ठेवावा, म्हणजे हुकला तर पुढचे दिवस हातात असतात. परतताना कोपनहेगनहून मुंबईचं विमान त्याच दिवसाचं घेऊ नये. आणि एक बाब अर्ज भरतानाच बघायला हवी. फॅरो बेटं शेंगेन क्षेत्रात नाहीत, भारतीय पारपत्रधारकाच्या व्हिसावर तो फॅरोसाठी वैध असल्याची वेगळी नोंद लागते. ती मागून घ्यावी आणि मुदत मागताना परतीच्या तारखेपुढे दोन-तीन दिवस जास्तीचे मागावेत, कारण व्हागरहून विमान सुटलं नाही म्हणून व्हिसाची तारीख आपोआप पुढे जात नाही.