तीन ट्यूबांचं आतडं

"आमच्या शाळेतल्या एका मुलीनं आतडं केलंय. वीस फूट." जुन्नर तालुक्यात शिकवणाऱ्या मैत्रिणीनं फोनवर एवढंच सांगितलं. पचनसंस्थेच्या प्रतिकृती मी पुष्कळ पाहिल्या आहेत. थर्माकोलवर रंगवलेलं गुलाबी वेटोळं आणि त्याला टोचलेल्या नावांच्या चिठ्ठ्या. पण आतडं फुटांत मोजून आणणारं कुणी भेटलं नव्हतं. तो आकडा डोक्यातून जाईना, म्हणून 28 फेब्रुवारीला खोडद गाठलं.

त्या दिवशी खोडदला जत्रा भरल्यासारखी गर्दी असते. तिथली रेडिओ दुर्बीण बघायला बाहेरगावची माणसं येतात आणि विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या 30 तबकड्यांपैकी 14 इथं एकमेकींजवळ आहेत. प्रत्येक तबकडी 45 मीटर व्यासाची, पोलादी तारांच्या जाळीची. दुर्बिणीला अडथळा नको म्हणून मोबाइल बंद केला आणि मांडवात शिरले. तिचं टेबल शोधावं लागलं नाही. पंक्चरच्या दुकानात येतो तो सोल्यूशनचा वास आला, त्याच्या मागं गेले.

आठवीतली मुलगी. दोन वेण्या, बोटांना रबराची काळी पुटं. प्लायवूडच्या फळीवर वीतभर पाइपाची अन्ननलिका, शेकायच्या रबरी पिशवीचं जठर, गेरूनं रंगवलेलं मातीचं यकृत. आणि खाली सायकलच्या जुन्या ट्यूबा. एक ट्यूब कापून सरळ केली की पावणेसात फुटांच्या आसपास भरते. अशा तीन जोडल्या की वीस फूट. जाडीही साधारण जुळते, कारण खरं लहान आतडं इंचभर रुंदीचं असतं. ट्यूबा गावातल्या पंक्चरवाल्यानं फुकट दिल्या. जोड कसा घासायचा आणि सोल्यूशन किती वाळू द्यायचं तेही त्यानंच शिकवलं.

"मॅडम, हे टोक धरा," ती म्हणाली आणि दुसरं टोक घेऊन चालायला लागली. दोन टेबलं ओलांडली, तिसऱ्यापाशी थांबली. तिथून ओरडली, "वीस फूट!" मग वेटोळी घालत परत आली आणि सगळं आतडं फळीवरच्या वहीएवढ्या चौकोनात बसवलं. बघणारी पोरं आपापल्या पोटाला हात लावून पाहत होती.

मला सगळ्यात आवडला तो व्हॉल्व्ह. बाकीच्या दोन ट्यूबांचे तिनं कापून टाकले होते. पहिलीचा मात्र मुद्दाम ठेवला होता, जठरापासून चार बोटांवर. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस आतड्यात उतरतो तो इथंच, पहिल्या वीतभरात. यकृतात तयार होणारं पित्त पित्ताशयात साठतं आणि जेवण पुढं सरकलं की खाली येतं. बाटलीत पाणी आणि गोडेतेल घेऊन, त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकून तिनं ती हलवली. तेलाचे बारीक बारीक थेंब झाले. पित्त स्निग्धाचं हेच करतं. पुढं स्वादुपिंडाचे विकर त्या थेंबांवर काम करतात.

तोंडाचं काम तिनं झटपट उरकलं: भाकरीच्या तुकड्यावर आयोडीन टाकलं की तो काळानिळा होतो, आणि तोच तुकडा चावत राहिलं की गोड लागतो. जठराला दोन वाक्यं मिळाली. आम्ल, पेप्सीन, दोन-चार तास घुसळण. मला हे प्रमाण पटलं. पोट म्हटलं की आपल्याला जठरच आठवतं, जळजळ आणि ढेकर तिथले म्हणून. पचनाचं मोठं काम मात्र पुढच्या वीस फुटांत होतं.

तिला त्या वीस फुटांनीच का धरलं, ते तिनं स्वतःहून सांगितलं. धाकट्या भावाला जंत झाले होते. "आज्जी म्हणायची, पोरगं खातंय पण अंगी लागत न्हाई." मग शाळेत जंताची गोळी वाटली, तेव्हा हिनं बाईंना विचारलं, अंगी लागतं म्हणजे कुठं लागतं?

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिनं वेटोळ्यातला मधला भाग उलगडला. तिथं ट्यूब उभी चिरलेली, आत टॉवेलचा तुकडा चिकटवलेला. आतड्याच्या आतल्या बाजूला अशीच मिलिमीटरभर उंचीची दाट लव असते. तिच्या प्रत्येक धाग्यात रक्तवाहिन्या. साखर, प्रथिनांचे तुकडे, क्षार तिथून रक्तात जातात. स्निग्ध पदार्थ शेजारच्या लसीकावाहिनीतून जातात. अंगी लागतं ते इथं. आणि जंतही इथंच राहतात. गोल जंत पचलेल्या अन्नात वाटेकरी होतो. अंकुशकृमी भिंतीला चावून रक्त पितो, म्हणून पोर फिकट पडतं.

आतड्याचं हे सगळं अस्तर पसरलं तर टेनिसच्या मैदानाएवढं होईल, असं ती म्हणाली. मलाही शाळेत तेच शिकवलं होतं. 2014 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नव्यानं मोजणी केली, तेव्हा ते 30 चौरस मीटरच्या आसपास आलं, म्हणजे लहानशा दोन खोल्यांच्या घराएवढं. मी हे सांगितल्यावर तिनं वहीत लिहून घेतलं. तरीही एवढ्याशा पोटात दोन खोल्या! बाहेर त्या जाळीच्या तबकड्या दूरवरून आलेल्या क्षीण लहरी वेचायला एवढं अंग पसरून उभ्या आहेत, आणि इथं तेवढ्याच निकडीनं अंग घडी घालून ठेवलंय.

तिच्या वीस फुटांबद्दलही एक सांगावंसं वाटलं. ही लांबी मृतदेहात मोजलेली. जिवंतपणी आतड्याचे स्नायू आवळलेले असतात, त्यामुळं ते बरंच आखूड भरतं, दहा ते पंधरा फूट. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे काम करताना ते आखडून घेतं."

दिवसभरात खाण्यापिण्यातलं आणि शरीरानं स्वतः सोडलेल्या रसांतलं मिळून जवळपास नऊ लिटर पाणी आतड्यात उतरतं. त्यातलं बहुतेक लहान आतडंच परत घेतं. उरलेल्यातलं मोठं आतडं घेतं, आणि शेवटी पेलाभरही बाहेर जात नाही. मोठ्या आतड्यासाठी तिनं पाच फूट पाइप लावला होता, पण त्यात तिचं मन नव्हतं.

मन होतं गोटीत. साबणाच्या पाण्यात बुडवलेली गोटी ट्यूबमध्ये घालायची, मागून आवळायचं, पुढचं सैल सोडायचं. मूठ सरकत जाते, गोटी पुढं जाते. आतड्याचे स्नायू असेच लाटेसारखे आवळत जातात, आणि अन्ननलिकेचेही, म्हणून उलटं टांगून घेतलं तरी गिळलेला घास पोटात पोचतो. तिसऱ्या प्रहरापर्यंत असंख्य पोरांनी ती गोटी ढकलली असेल, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ट्यूबमधला जोड सुटला. साबणाचं पाणी टेबलावर सांडलं.

ती गडबडली नाही. फडक्यानं पुसलं, पॉलिश पेपरनं घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर मारली. पुन्हा तो वास. रांगेतलं एक पोरगं घाई करायला लागलं, तर म्हणाली, "थांब की, वाळू दे." आम्ही सगळे थांबलो. दोन्ही तोंडं दाबून धरत तिनं मनाशी आकडे मोजले आणि मोकळं टोक माझ्या हातात दिलं. "मॅडम, आता ओढून बघा. हळू."